रविवारचा रोलर

सालेकसा,
रविवार, दुपार

प्रिय रिंकूचे बाबा,

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण फोनवर तुम्ही ‘जेवलो, बरा आहे, रिंकू काय करून राहिली’ एवढं विचारता, मागे डंपरचा हॉर्न वाजतो आणि तुम्ही ‘ठेवतो’ म्हणता. हल्ली हॉर्न वाजत नाही तरी ठेवता. मला जे सांगायचं आहे ते तेवढ्यात मावत नाही. म्हणून आज जेवणं उरकल्यावर लिहायला बसले. आई ओसरीवर पडल्यात, रिंकू सुलोचनाबाईंच्या अंगणात खेळायला गेली आहे. उद्या सकाळी चुन्नीलालभाऊ देवरीला साइटवर परत निघतील, त्यांच्याकडे हे पाकीट देईन. त्यांना बजावून सांगणार आहे, की मशीनवर असताना देऊ नका. खाली उतरल्यावर, हातपाय धुतल्यावर द्या.

मोह यंदा भरपूर गळतोय. पहाटेच टोपली घेऊन निघते. आपल्या बांधावरच्या झाडाखाली पिवळा सडा पडलेला असतो आणि त्या वासाने डोकं जड होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी तुम्ही सोबत यायचात. वेचायचात कमी आणि खायचात जास्त. मी रागावले की म्हणायचात, ‘मी झाडाची राखण करून राहिलो.’ आता मी एकटीच वेचते. झाड एवढं मोठं, की एका बाजूला वाकलं की दुसरी बाजू दिसत नाही. बुंध्याच्या पलीकडे कुणीतरी वेचतंय असं अजून वाटतं. वळसा घालून बघतही नाही मी. वाटतंय तेवढं वाटू देते.

त्याच वर्षीची आणखी एक गोष्ट आठवली. आपल्या गावाच्या रस्त्याचं काम निघालं होतं आणि तुम्ही नुकतेच रोलर चालवायला लागला होतात. मी डबा घेऊन आले, तर तुम्ही मला हात धरून वर चढवलंत. अंगावर नवं लुगडं, डोक्यावर पदर, आणि मी रोलरवर! शाळेपासून पाटलाच्या विहिरीपर्यंत तुम्ही मला नेऊन आणलंत. इतकं हळू, की पायी जाणाऱ्या बाया आपल्या पुढे निघून जात होत्या आणि वळून वळून हसत होत्या. मामाजी समोरून आले. मला वाटलं, आता काही खरं नाही. ते कमरेवर हात ठेवून ओरडले, ‘अरे, सुनेले बसवलंस तं बसवलंस, पण रस्ता तरी बराबर दाब!’ तुमच्या बाबांचं असंच होतं. रागवायच्या जागी ते कामाचं काहीतरी बोलायचे.

रिंकूचं एक सांगते. शाळेत बाईंनी सगळ्यांना विचारलं, तुमचे बाबा काय करतात. कुणी म्हणालं शेती, कुणी म्हणालं रेल्वेच्या तिसऱ्या लाइनीवर आहेत. आपली उभी राहून म्हणाली, ‘माझे बाबा ओव्हरटाईम करतात.’ बाई हसल्या, मला गेटवर भेटल्या तेव्हा त्यांनीच सांगितलं. मीही हसले. घरी येताना मात्र मी तोच शब्द मनात घोळवत आले. तिच्या जन्मापासून तिने हाच शब्द ऐकला आहे. बाबा आले नाहीत, ओव्हरटाईम. बाबा उद्याही येणार नाहीत, ओव्हरटाईम. तिला ते तुमच्या कामाचं नाव वाटतं, त्यात तिची काय चूक?

आता ज्या दिवसाबद्दल आपण दोघं कधी बोललो नाही, त्याबद्दल लिहिते. तुम्ही इथे पत्र घडी करून खिशात घालाल, मला माहीत आहे. घाला. पण नंतर पुन्हा उघडा.

भादव्यातला दिवस. धान पोटरीत आलं होतं. मामाजी सकाळी आपल्या तळ्याची, बोडीची पाळ बघायला गेले होते. पावसाने एका कोपऱ्यात माती खचली होती आणि त्यांना कुठे चैन पडायला! तिथेच छातीत कळ येऊन ते खाली बसले. शेजारच्या बांधावरच्या बकारामने त्यांना पाठीवर घेऊन आणलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोंदियाला न्यायला सांगितलं, तर मामाजींनी माझा हात घट्ट धरला आणि म्हणाले, ‘घरी ने.’ आई म्हणाल्या, ते म्हणतात तसंच करा. तुमचा फोन लागला नाही. मशीनवर फोन न्यायची मनाई, तो कॅम्पातल्या पेटीत बंद. मी तुमच्या सुपरवायझरच्या नंबरवर लावला. आधी ‘बोलतो, बोलतो’ म्हणाले. पुन्हा लावला तेव्हा म्हणाले, ‘बदली ऑपरेटर नहीं आया है, मशीन छोड़ के कैसे भेजें? शिफ्ट खतम होने दो, बता देंगे.’ तुम्ही आदल्या दिवसापासून सलग मशीनवर होतात, हे मला नंतर कळलं. रात्रीची पाळी करून पुन्हा दिवसाच्या पाळीला बसवलं होतं तुम्हाला. कुणी तुम्हाला विचारलं नव्हतं, आणि तेव्हा विचारायची पद्धतही नव्हती. मामाजी दिवे लागायच्या वेळी गेले. बदली माणूस रात्री उशिरा आला, आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी उजाडताना पोचलात. अंगणात माणसं बसलेली बघून तुम्ही गाडी स्टँडवर लावायलाही विसरलात, ती तशीच आडवी पडली. अंगावर डांबराचे डाग, डोळे लाल. तुम्ही रडला नाहीत. अग्नी दिलात, तेरवी केलीत, आणि पुन्हा निघून गेलात.

त्यानंतर तुमच्या साइटवर काय झालं ते मला चुन्नीलालभाऊंनी सांगितलं. तुम्ही कधी सांगितलं नाहीत. तुम्ही घरी असतानाच तिथल्या गड्यांनी ठरवलं, की आता बस. आपल्याकडचे होते, छत्तीसगडचे होते, झारखंडचेही होते. त्या दूरच्या पोरांना जादा तास हवेच होते, घरी जाणं त्यांना परवडत नाही, म्हणून आधी भांडणंही झाली. मग सगळ्यांचं एका गोष्टीवर जमलं. ज्याला राहायचं तो राहील, ज्याला जायचं तो जाईल, पण विचारल्याशिवाय कुणाला थांबवायचं नाही. गोंदियाला कामगारांच्या ऑफिसात जाऊन ते तक्रार देऊन आले. त्या ऑफिसातले साहेब साइटवर आले, तेव्हा हे सगळे हात बांधून रस्त्याच्या कडेला उभे होते आणि सगळ्या मशिनी बंद होत्या. मग नवा कायदा लागू झाल्याचंही आलं, आणि फाटकावर फलक लागला. आठ तासांचं काम. त्यापुढे थांबवायचं तर कामगाराची मर्जी हवी, आणि त्या तासांची मजुरी दुप्पट. आठवड्यात एक दिवस सुट्टी. मशीनवर असताना घरचा फोन आला तर निरोप लगेच द्यायचा, हे कायद्यात आहे की नाही मला ठाऊक नाही, पण गड्यांनी तेही खाली खडूने लिहून घेतलं. चुन्नीलालभाऊ तुमचं नाव घेऊन म्हणाले, ‘वयनी, थो फलक आमच्या चैतरामच्या बाचा हाये.’

मला वाटलं, आता तुम्ही याल. खरं सांगते, मी तुमचा निळा सदरा धुऊन, घडी घालून वर काढून ठेवला होता. पहिल्या रविवारी चुन्नीलालभाऊ आले. त्यांची प्रेमिला किती दिवसांनी बाजाराला जोडीने गेली! हिरवी चुडी भरून आली आणि मला दाखवायला मुद्दाम आपल्या दारावरून गेली. पुढच्या रविवारीही ते आले. तुम्ही नाही. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रांचे दिवस गेले, संक्रांत गेली. होळीला रिंकूने पिचकारी भरून दारात धरली होती, शेवटी आईंवर उडवली. मी स्वतःला समजावत होते, की तुमच्या मशीनला बदली माणूस मिळत नसेल.

होळीनंतर मी चुन्नीलालभाऊंना सरळच विचारलं. ‘यांनाच काऊन अडवतात?’ ते आधी पायाने माती उकरत राहिले. मग म्हणाले, ‘कोनी नाई अडवत, वयनी. साहेब सकारी इचारते, राह्यतेस का जातेस. आमी जातो मनतो. चैतराम राह्यतो मनते. इतवारी कोनाले तरी रोलरवर बसाच लागते ना? थो बसते, मनून आमाले येता येते.’ आणि तुमची सुट्टी? तर म्हणाले, ती तुम्ही बुधवारी घेता आणि कॅम्पात पत्र्याकडे बघत पडून राहता. हे सांगताना त्यांची मान वर होत नव्हती. तुमच्या जिवावर आपला रविवार चालला आहे याची त्यांना लाज वाटते. मी त्यांना म्हटलं, तुम्ही कायले वाईट वाटून घेता? तुम्ही येत जा.

तुमचा मला राग आला नाही. यावा असं वाटत होतं, राग आला असता तर बरं झालं असतं. घरात मी भांडी जरा जोरात आपटली, तेवढंच. आईंनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, मांजर होती.

पुढच्या रविवारी मी आईंना सांगितलं, की देवरीला जाऊन येते, मावशीला बरं नाही. लाखोळीची डाळ, तांदळाच्या भाकरी आणि आंब्याचं लोणचं घेतलं. फाट्यावर बसमधून उतरले आणि चहाच्या टपरीपाशी थांबले. साइट अगदी समोर होती. पुलाकडे चढणारा तो मातीचा उंच भराव, त्यावर दुसरं कुणी नाही, एकटे तुम्ही. रोलर वर जायचा आणि मागे यायचा. मला रस्त्याच्या कामातलं काही कळत नाही, पण तो पट्टा केव्हाच दबून गेला होता, हे मलाही दिसत होतं. तरी तुम्ही जात होतात, येत होतात. टपरीवाल्या बाई म्हणाल्या, ‘तुमचा कोनी हाये का थो? दर इतवारी असाच राह्यते. चा प्याले येते, बोलत नाई.’

मग तुम्ही मशीन बंद करून खाली उतरलात. मला वाटलं आता इकडे याल, मी पदर सारखा केला. पण तुम्ही भरावावरच फिरलात. पायाच्या टाचेने माती दाबून बघत होतात, मामाजी बोडीच्या पाळीवर चालायचे अगदी तसे, जरा वाकून, एक हात पाठीमागे. एका जागी थांबलात. गमछा तोंडावर धरलात आणि तिथेच खाली बसलात. ऊन फार होतं. आधी वाटलं घाम पुसताय. पण घाम पुसायला कुणाला इतका वेळ लागत नाही.

मी रस्ता ओलांडायला निघाले होते. एक पाय डांबरावर ठेवलाही होता. मग परत फिरले. तेरवीलाही ज्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, त्याला इथे, एवढ्या उघड्यावर, रडायला जागा मिळाली होती. मी समोर आले असते तर तुम्ही लगेच उठला असतात. ‘कशी आलीस, उन्हात कायले आलीस’ म्हणाला असतात आणि तोंड धुवायला गेला असतात. ते मोडायचं माझ्याच्याने झालं नाही. डबा टपरीवाल्या बाईंकडे ठेवला आणि म्हटलं, त्यांना द्या, कुणी दिला ते सांगू नका. परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली, पण साइट उलट्या बाजूला राहिली.

पुढच्या रविवारी चुन्नीलालभाऊंनी डबा आणून दिला. घासून लख्ख, झाकण उन्हात वाळवून बसवलेलं. त्या आठवड्यात तुम्ही दोनदा फोन केलात, नेहमीसारखंच बोललात. मी आले होते हे तुम्ही म्हणाला नाहीत, मीही म्हणाले नाही. पण दुसऱ्या फोनला ‘ठेवतो’ म्हटल्यावरही तुम्ही ठेवला नाहीत. थोडा वेळ आपण दोघंही नुसते होतो. तुमचा श्वास ऐकू येत होता. ते मला फार बरं वाटलं. इतके महिने रोज निजताना मी तेवढ्याचसाठी तळमळते आहे. बाजेच्या तुमच्या बाजूला आता रिंकू झोपते. तिचा श्वास हलका असतो.

त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं आहे. तुम्ही विचाराल म्हणून मी वाट पाहत होते. पण तो विषय निघाला की तुम्ही उठून जाता, म्हणून लिहूनच सांगते. घरी आणल्यावर मामाजी शुद्धीवर होते, शेवटपर्यंत नीट बोलत होते. आधी त्यांनी विचारलं, ‘चैतराम आला का?’ मी आईंकडे पाहिलं. आई त्यांच्या उशाशी बसून पंख्याने वारा घालत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, ‘निंगाला हाये.’ एवढंच. त्यानंतर मामाजींनी तुमची वाट पाहिली नाही. ते निवांत झाले. बोडीचा कोपरा बकारामला दाखवून ठेवायला सांगितला, रिंकूला जवळ घेऊन तिच्या केसांतून बोटं फिरवली, पाणी मागितलं. मग मध्येच मला म्हणाले, ‘त्याले फोन लाव अन् सांग, गाडी आस्ते चालव मना. जंगलाचा रस्ता हाये. मी काई कोठी चाललो नाई.’ मी फोन कानाला लावल्यासारखं केलं आणि ‘हो, सांगितलं’ म्हणाले. ते हसले. त्यानंतर ते बोलले नाहीत. तुम्ही भरावावर बसून मनात काय म्हणत असाल ते मला कळतं. बाबा वाट पाहत गेले, असंच ना? तसे ते गेले नाहीत. पोरगा निघाला आहे, रस्त्यात आहे, एवढ्या समाधानात गेले. आईंनी त्यांना ते दिलं. आई अजून कधी कधी चुलीपुढे एकट्याच म्हणतात, ‘मी खोटं कोठी बोलली? निंगालाच असता थो, सोडलं असतं तं.’ त्यांच्या मनात तुमच्याबद्दल दुसरं काही नाही. माझ्याही नाही.

आईंना वाटतं, मी हे पत्र बोडीच्या कामासाठी लिहिते आहे. आगोठीचा पाऊस लागायच्या आत पाळीवर माती टाकायला हवी, हे खरं. पण बकारामने ते काम अंगावर घेतलंय, ते होईल. चुन्नीलालभाऊंना वाटतं, रिंकूचं काही दुखतंखुपतं असेल. ती चांगली आहे, तिचे पुढचे दोन दात पडलेत. तुम्हाला आजवर घरी यायचं म्हटलं की साहेबांपुढे कारण द्यावं लागलं. कुणाचं लग्न, कुणाचं आजारपण, कुणाचं मरण. कारण लहान वाटलं की सुट्टी नाही. मला वाटतं त्यामुळेच तुम्ही विसरून गेलात, की माणूस घरी उगीचच येतो. म्हणून मी नीट विचार करून, घरात सगळं ठीक असतानाच हे लिहिलं आहे. कुणी आजारी नाही, कुठलं कार्य नाही, तुमच्यावाचून काही अडलेलं नाही. या शनिवारी काम सुटलं की चुन्नीलालभाऊंच्या गाडीवर मागे बसा. रविवारचा रोलर कुणीतरी दुसरा चालवील, नाही तर उभा राहील. इथे येऊन तुम्ही झोपा, रडा, काही बोलू नका, चालेल. कारण विचाराल तर मला तुम्ही हवे आहात, एवढंच आहे.

तुमचीच,
रेणू